हौसाबाईचा अर्ज

पवार मास्तरांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मान खाली घालून ते काहीतरी पुटपुटले. सकाळचे साडेआठ वाजले होते. मी अंगणात सायकल पुसत होतो. मास्तर पांढरा सदरा घालून, टोपी काढून आले होते.

"हो हो," मी म्हणालो.

ते पुन्हा काही बोलले. त्यातलं "फार त्रास झाला का?" एवढं मला नीट ऐकू आलं.

"छे, कसला त्रास! पाच मिनिटांत आटोपलं. माझा तर डोळा लागला होता, मला कळलंसुद्धा नाही."

मास्तरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाले, "तुम्ही जवळ होता, तेवढं तरी समाधान."

"मी नसून कसं चालेल? मीच खुर्चीत बसलो होतो की!" मला हसू आलं. "पण उन्हाळ्याचं बरंच झालं म्हणायचं. गार वाटतं."

तेवढ्यात आमचे आण्णा, म्हणजे माझे चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील, धोतराचा सोगा सावरत दारात आले. "कोण, मास्तर का? बसा, चहा टाकायला सांगतो," असं ते म्हणाले आणि मास्तरांनी विस्तव धरल्यासारखा माझा हात सोडला.

झालं होतं असं, की आदल्या संध्याकाळी मी दाढीला गेलो होतो. संपत न्हाव्याच्या दुकानात रेडिओ ठणठणत होता आणि पंखा खडखडत होता. फेस लावताना त्यानं काहीतरी विचारलं. मी सवयीनं "हो हो" म्हणालो आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा माझी अठ्ठावीस वर्षांची मिशी त्याच्या कळकट टॉवेलावर पडलेली होती. पांढरी झालीय, उडवू का, असं त्यानं विचारलं होतं म्हणे. आमच्याकडे चांगल्या घरच्या माणसाची मिशी एकाएकी गेली, की लोक दुसरा विचार करत नाहीत. बाप गेला, एवढाच अर्थ घेतात. त्या दिवशी दुपारपर्यंत सात माणसं भेटायला येऊन गेली. आण्णा ओसरीवर बसून प्रत्येकाला चहा पाजत होते आणि मजेत होते. मी मात्र आतल्या खोलीत आरशासमोर उभा होतो. तो सोललेल्या केळ्यासारखा वरचा ओठ बघून मला शिसारी येत होती. संपतची, त्याच्या टॉवेलाची, दारात चपला काढणाऱ्या माणसांची, सगळ्यांचीच.

या गोष्टीला आता अठरा वर्षं होतील. मी तेव्हा तहसील कचेरीच्या आवारात अर्जनवीस होतो. चिंचेखाली माझं टेबल, टेबलावर टाइपरायटर, समोर पक्षकारासाठी एक स्टूल. लोक मला रायटरसाहेब म्हणत. लिहिता न येणाऱ्या माणसानं आपलं गाऱ्हाणं तोंडी सांगायचं, मी ते सरकारी भाषेत टाइप करायचं, त्यानं खाली अंगठा उठवायचा, असा तो धंदा. म्हणजे सगळं भांडवल कानाचं. आणि माझ्या कानांनी दोनेक वर्षांपासून दगा द्यायला सुरुवात केली होती. ठार बहिरा नव्हतो. मोठ्यानं बोललेलं ऐकू यायचं, समोरासमोर बोललेलं बरंचसं यायचं. पण हळू बोललेलं आणि गर्दीतलं निसटून जायचं. घरात आण्णांना ते कळलं होतं. ते डॉक्टरकडे जा म्हणायचे, मी त्यांच्यावर खेकसायचो. कचेरीत कुणाला कळू द्यायचंच नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्ण्यांनी ती बातमी दिवसभरात तालुकाभर केली असती, आणि उद्यापासून माझं स्टूल रिकामं राहिलं असतं.

म्हणून मी एक पद्धत बसवली होती. नाव, वय, गाव हे मोठ्यानं विचारायचं. त्याची उत्तरं मोठ्यानं मिळतात. बाकीचं माणसाकडे बघून ओळखायचं. हातात पासबुक असलं, की पगाराची किंवा पेन्शनची तक्रार. दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे असले, की बांधाचं भांडण. तरुण पोरगी आणि तिचा चिडलेला बाप असला, की नवऱ्यानं टाकलेली. पंचवीस वर्षांत माणसांच्या अडचणी काही निराळ्या झालेल्या मी पाहिल्या नव्हत्या. प्रत्येक अडचणीचा मजकूर मला तोंडपाठ होता. आणि खरं सांगायचं तर मला त्या लोकांचा वीट आला होता. रडणं, तेच तेच सांगणं, अंगाला येणारा घामाचा वास, गुटख्यानं भरलेलं तोंड माझ्या तोंडाजवळ आणून बोलणं. आवारातल्या भिंती तर पिचकाऱ्यांनी अशा रंगल्या होत्या, की जेवणाचा डबा मी भिंतीकडे पाठ करून खायचो.

मिशी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी हौसाबाई आली.

सत्तरीची बाई. कोरं लुगडं, कपाळ मोकळं, हातात पिशवी. तिच्याबरोबर पस्तिशीची एक बाई होती, तिचंही कपाळ मोकळं. म्हातारीनं तिला लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं आणि एकटीच स्टुलावर येऊन बसली. माझ्या ओठाकडे बघून तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"वडील गेलं का वो?"

काल घरी सात जणांना खुलासा करून झाला होता. आता आठवा करायचं माझ्यात त्राण नव्हतं. "हो हो," म्हटलं. "बोला, काय काम?"

तिनं टाकीकडे एकदा बघितलं, तोंडावर बोट ठेवलं, "हळू," म्हणाली, आणि स्टूल ओढून माझ्या कानाशी येऊन कुजबुजायला लागली.

तिच्या तोंडाला मिशेरीचा वास येत होता. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड आमच्याकडच्या बायका दातांना घासतात. तो जळका, आंबूस वास थेट नाकात शिरला. मी कागद सरळ करायच्या निमित्तानं मान मागं घेतली. ती आणखी पुढं आली. मी खुर्चीच सरकवली. ती कुजबुजतच होती, आणि अधूनमधून टाकीकडे बोट करत होती. टाकीपाशी उभी असलेली बाई ते सगळं बघत होती. तिनं मान खाली घातली.

माझं काम झालं होतं. सासू, सून, सून दूर उभी केलेली, तिच्याकडे बोट करून चाललेली कुजबूज, डोळ्यांत पाणी. याहून स्वच्छ मामला कोणता असतो?

"नाव?" मी मोठ्यानं विचारलं.

"हौसाबाई. हौसाबाई बाबू मोकाशी. बोरजाई."

"सुनेचं नाव?"

"मंदा." तिनं पुन्हा तोंडावर बोट ठेवलं. "हळू वो."

"मुलगा?"

"तीन वरसं झाली जाऊन."

"घर कोणाच्या नावावर?"

"माज्याच. धन्याच्या मागं माज्या नावावर झालं."

चारही उत्तरं माझ्या मजकुरात जिथल्या तिथं बसली. मी कागद चढवला. 'अर्जदार ही वृद्ध व निराधार स्त्री असून सामनेवाली मंदा ही तिची सून आहे. सदर सामनेवाली ही अर्जदारास वेळेवर अन्न देत नाही, अपशब्द वापरते व प्रसंगी अंगावर धावून जाते. सबब तिला अर्जदाराच्या घरातून बाहेर काढून घराचा ताबा अर्जदारास मिळावा, ही विनंती.' असं प्रांतसाहेबांच्या नावानं दीड पान झालं. शेवटी नेहमीची ओळ घातली: वरील मजकूर मला वाचून दाखविला असून तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ती ओळ मी रोज वीस वेळा टाइप करायचो. वाचून कुणालाच दाखवत नव्हतो, कारण वाचून दाखवलं की लोक मध्येच बोलतात, आणि बोललेलं ऐकावं लागतं.

हौसाबाईनं अंगठा उठवला. "मंदाचं नाव आलं न्हवं कागदात?" असं मोठ्यानं विचारलं. मी नाव बोटानं दाखवलं. तीन ठिकाणी आलं होतं. त्या अक्षरांवरून तिनं काळा झालेला अंगठा फिरवला आणि कागद कपाळाला लावला.

"वरच्या मजल्यावर द्या," मी सांगितलं. "प्रांत ऑफिसात."

"मोठ्या सायबाला? मंग ब्येसच झालं." उठताना ती म्हणाली, "दुसऱ्या टेबलावर जानार हुते मी. पन तुमास्नी बघितलं. म्हनलं, ज्याचा बाप परवा गेला तो मानूस खोटं लिवायचा न्हाई."

हे मात्र मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. मी रुमालानं नाक पुसलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

महिन्याभरानं, एका रविवारी, मी जेवून आडवा झालो होतो. बाहेर आण्णा कुणाशी तरी बोलत होते. आण्णांचा आवाज खणखणीत, तो मला आतपर्यंत यायचा.

"मीच त्याचा बाप. गेलो कुठं? इथंच आहे की."

मी बाहेर आलो. ओसरीच्या पायरीखाली हौसाबाई उभी होती. आण्णांकडे ती अशी बघत होती, की पुढं काय विचारायचं तेच तिला सुचत नव्हतं. मग मला बघितलं. मिशी पुन्हा फुटायला लागली होती.

"ह्ये जित्तं हायेत," ती म्हणाली.

मी हातानं ओठ झाकला.

"आसूंद्या. शंभर वरसं जगूद्यात." तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तिच्या अर्जाची नक्कल होती, वर कचेरीचा पोचेचा शिक्का. "ह्यो वाचून दावा मला. शाळंतल्या मास्तरनं वाचला, पन माजा इस्वास बसंना. तुमी लिवलाय, तुमीच वाचा."

"काय झालं?"

"तुमी वाचा आदी."

मी वाचायला लागलो. हळू वाचलं तर म्हणाली, मोट्यानं. आण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. 'वेळेवर अन्न देत नाही' आलं तेव्हा हौसाबाईनं डोळे मिटले. 'अंगावर धावून जाते' आलं तेव्हा ती पायरीवर खाली बसली. मी शेवटपर्यंत वाचलं. ती नेहमीची ओळसुद्धा वाचली.

"मी घर तिच्या नावावर लावा म्हनून सांगटलं हुतं," हौसाबाई म्हणाली. "माजा ल्योक गेला, तवापासनं तीच मला बगतीया. माजी लेक टपून बसलीया घरावर. मी डोळं मिटलं की मंदाला रस्त्यावर काढंल ती. म्हनून म्हनलं, कुनाला कळायच्या आदी कागद करावा. मंदालाबी सांगटलं न्हवतं. तिला कळतं, तर तिनं करूच दिला नसता. म्हनली आसती, लोक म्हनतील म्हातारीला भुलवून घर घ्यातलं."

"मग?"

"मंग काय? तिला नोटीस आली. सातवी शिकलीया ती. वाचली. एक सबुद बोलली न्हाई मला. घर सारवलं, पानी भरलं, दोन दिसाच्या भाकरी थापून ठिवल्या, आन् कापडं घिऊन भावाकडं ग्येली. सहा दीस झालं." तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुमी आसं का लिवलं वो?"

खरं सांगायची वेळ हीच होती. कान कमी आहे, ऐकू आलं नाही, चूक झाली, एवढी तीन वाक्यं. पण कुलकर्ण्यांचं टेबल डोळ्यांसमोर आलं, रिकामं स्टूल आलं, आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"तुम्ही जे सांगितलं तेच मी लिहिलं, बाई."

"मी?"

"तुम्हीच. वय झालं की माणूस बोलतो एक आणि आठवतं एक. तुम्ही रडत होता, सुनेकडे बोट करत होता. मी कशाला माझ्या मनचं लिहीन?"

मला वाटलं होतं, ती भांडेल. ती भांडली असती तर मीही भांडलो असतो आणि ते सोपं गेलं असतं. हौसाबाई भांडली नाही. ती पायरीवर बसल्या बसल्या विचार करायला लागली. बोटं मोजल्यासारखी एकमेकांवर फिरवत, तो दिवस आठवायला लागली.

"मी बोलले आसन का वो आसं?" ती हळूहळू म्हणाली. "कवा कवा मला इसरायला व्हतंय. दूध उतू जातंय माज्या हातनं. पन मंदाला मी... मी आसं म्हनले आसन?"

आयुष्यात मला पुष्कळ गोष्टींची किळस आली. उष्टं, थुंकी, उकिरडा. पण त्या क्षणी मला माझी जी किळस आली, तशी पुन्हा कधी कशाची आली नाही. म्हातारीच्या डोक्यातलं धड होतं तेवढंही मी हातानं मोडत होतो, आणि वर सभ्यपणानं "बाई, बाई" म्हणत होतो.

आण्णांनी काठी फरशीवर आपटली.

"त्याला ऐकू येत नाही हो, बाई! दोन वर्षं झाली. तुमचं डोकं शाबूत आहे, याचे कान गेलेत. आणि आज कळलं, लाजसुद्धा गेली आहे. नालायका, ऊठ! सदरा घाल. जा यांच्याबरोबर, आणि त्या पोरीला घेऊन ये."

मी सदरा घातला, कागदांची पिशवी घेतली.

मंदाचं माहेर दोन तासांवर होतं. आम्ही वडापच्या, माणसांनी खच्चून भरलेल्या जीपनं गेलो. हौसाबाई वाटेत एकदाच बोलली. "मंग मी म्हनले न्हवते ना?" असं तिनं मोठ्यानं, सगळ्यांदेखत विचारलं. मी "नाही" म्हटलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा तेच विचारलं.

मंदा भावाच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. सासूला बघून ती उठली, वाकून पाया पडली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. भाऊ शेतावर होता. भावजय दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

हौसाबाईनं सगळं सांगितलं. घराचं सांगितलं, लेकीचं सांगितलं, माझ्या कानांचंही सांगितलं. मंदा शेंगा फोडतच होती.

"आत्या, मी टाकीपाशी हुबी हुते," शेवटी ती म्हणाली. "मला डोळं न्हाईत का? तुमी माज्याकडं बोट करत हुता आन् यांच्या कानात सांगत हुता. रडत हुता. आता चूल पेटवायला कुनी ऱ्हायलं न्हाई म्हनून ह्या रायटरला संगं आनलंय व्हय? त्यो काय, अर्जबी लिवंल आन् खोटंबी बोलंल."

"मला खरंच कमी ऐकू येतं," मी म्हणालो. घराबाहेर हे शब्द मी पहिल्यांदा उच्चारले.

"मंग येवढं दीड पान कशावरनं लिवलं?"

"बघून."

"काय बगून?"

"तुम्हाला दोघींना बघून. लांब उभी केलेली सून, रडणारी सासू. माझ्याकडे असे पुष्कळ अर्ज येतात."

"मी त्यांना उपाशी ठिवते, ह्येबी दिसलं व्हय टाकीपाशी?"

मंदानं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले आणि उठली. "ऐकू येत न्हाई न्हवं तुमास्नी? बगू मंग. आत्या बसल्या हुत्या तशी बसते. कानात सांगते. काय म्हनले ते कळलं न्हाई, तर मी ह्या पावली आत्यांसंगं जाते."

भावजयीनं चौकटीतून मान पुढं काढली. हौसाबाईनं माझ्याकडे बघून हात जोडले. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. मला वाटलं, ते तर खरंच असेल, त्यात अवघड काय?

मंदा माझ्यापाशी बसली आणि कानाला तोंड लावून कुजबुजली. तिच्याही तोंडाला मिशेरीचा वास होता. तोच, जळका आणि आंबूस. पण आज माझं काम अडलेलं होतं, म्हणून मी मान हलवली नाही. आणि ती बोलली त्यातला एकेक शब्द माझ्या कानात स्वच्छ पडला.

"भावजय मला हितं ठिवत न्हाई. उद्या कुटं जाऊ ते मला कळंना झालंय."

ती मागं सरकली. "आलं का ऐकू?"

'नाही' माझ्या ओठांवर आलेलं होतं. त्यानं सगळ्यांचंच भलं झालं असतं. मंदाला जायचं होतंच, तिला एक निमित्त हवं होतं. पण माझ्या ध्यानात भलतंच आलं होतं, आणि ते आल्यावर मला गप्प बसवेना. कान कमी होता, खोटं नाही. पण कानाशी बोललेलं मला ऐकू येत होतं. त्या दिवशीही आलं असतं.

"आलं," मी म्हणालो. "सगळं ऐकू आलं."

हौसाबाईच्या तोंडून "आगं आई" असं निघालं. मंदाचा चेहरा घट्ट झाला. "मंग त्या दिशीबी आलंच आसंल."

"आलं असतं. पण मी कान जवळ नेलाच नाही. तुमच्या सासूबाई पुढं येत होत्या आणि मी मागं सरकत होतो. तुम्ही बघत होता ना? मग तेही बघितलं असेल. खुर्ची सरकवली मी."

मंदा आठवत राहिली. "सरकवली हुती," ती म्हणाली. "का पन?"

"त्यांच्या तोंडाला मिशेरीचा वास येत होता. मला किळस आली. त्यांनी काय सांगितलं ते मी ऐकलंच नाही. पाठ होतं ते लिहून टाकलं आणि त्यांना लवकर उठवलं."

मंदा माझ्याकडे बघत होती. तिचा माझ्यावर विश्वास बसला आहे, हे मला दिसत होतं. स्वतःबद्दल असं कुणी बनवून सांगत नाही.

"त्या दिशी नव्या लुगड्याची घडी मोडली हुती आत्यांनी," ती म्हणाली. "कचेरीत जायचं म्हनून. धा येळा चूळ भरली हुती."

मग ती आत गेली आणि आपलं गाठोडं घेऊन बाहेर आली. भावजय चौकटीतून बाजूला झाली. मंदानं गाठोडं सासूच्या पायाशी ठेवलं आणि मला म्हणाली, "घर मला नको. पन आत्यांचं जे म्हननं हाय, ते त्यांच्या तोंडचं कागदावर आलं पायजे. आत्ता, माज्यासमोर लिवा. आन् वाचून दावा."

मी पिशवीतून कागद आणि पेन काढलं, अंगणात मांडी घातली, वहीवर कागद ठेवला. "या, बाई," मी हौसाबाईला म्हटलं. "इथं, माझ्याजवळ बसा. सावकाश सांगा."

हौसाबाई उठली. माझ्याकडे आली नाही. ती अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीपाशी गेली. तिथं बसली आणि लुगड्याचा पदर तिनं तोंडावर घट्ट दाबून धरला.

"अहो, जवळ या. कान देतो मी."

"नको, हितनंच बरं," पदराआडून ती मोठ्यानं म्हणाली. "तुमास्नी वास यील."

आणि जे तिला कुणालाही कळू द्यायचं नव्हतं, ते ती तिथूनच ओरडून सांगायला लागली. माजं घर माज्या सुनंच्या नावावर लावा. तिनं मला पोटच्या पोरीवानी सांभाळलंय. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायका कुंपणापाशी थांबल्या, शेजारच्या घरातून एक म्हातारा बाहेर आला. हौसाबाई प्रत्येक वाक्यानंतर थांबत होती, मला लिहायला वेळ देत होती, आणि तेवढ्यातसुद्धा पदर खाली घेत नव्हती.

मी खाली मान घालून लिहीत राहिलो. एकही शब्द मला पुन्हा विचारावा लागला नाही.